दसऱ्याच्या तोरणातलं बी काहून उगवत नाही?

आजचा भाग झेंडूवर आहे, पण फुलांच्या भावावर नाही. तो विषय दसरा जवळ आला की सगळेच बोलतात. आज बोलू झेंडूच्या बियाण्यावर: पुढच्या वर्षीचं बी आपल्याच वावरात कसं धरायचं, ते भरपूर कसं येईल आणि उगवल्यावर तोंडघशी कसं पाडणार नाही.

सुरुवात घरच्या गोष्टीनं करू. दसऱ्याला दाराला तोरण लागतं, दिवाळीपर्यंत ते वाळतं, मग आई किंवा आजी ती फुलं चुरगाळून कुंडीत टाकते. दहा फुलं चुरगाळली की पाच-सात रोपं येतात, कधी तेवढीही नाही. खरं तर एका भरल्या फुलात शंभराच्या वर काळ्या काड्या दिसतात. मग बाकीच्या गेल्या कुठं? "बी जुनं असंल," असं म्हणून आपण विषय सोडून देतो. बी जुनं नसतं. त्यातल्या बहुतेक काड्यांत बी नसतंच. नुसती टरफलं असतात.

हे कसं, ते समजलं की अर्धा भाग समजला. हे ऐकताना किंवा वाचताना जवळ झेंडूचं फूल असेल तर हातात घ्या आणि मधोमध फाडा.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ती खरं तर फुलांची वस्ती आहे. बाहेर दिसणारी प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल. तिच्या बुडाशी एक बारीक काडी असते, तीच पुढं बी होते. ही पाकळीवाली फुलं फक्त मादी असतात, त्यांच्यात परागकण नसतात. पराग असतो मधल्या बारीक नळीसारख्या फुलांत, ज्यांना आपण फुलाचा डोळा समजतो. मधमाशी येते, मधल्या नळ्यांवर बसते, तिथला पराग बाहेरच्या पाकळ्यांच्या बुडाशी पोचवते, तेव्हा बी भरायला लागतं. फूल उमलल्यापासून बी पूर्ण पक्व व्हायला साधारण महिनाभर लागतो, थंडीत थोडा जास्तच.

आता तोरणाचं गणित लावा. बाजारासाठी फूल कधी तोडतात? टपोरं, ताजं, पूर्ण उमललेलं असताना. म्हणजे बी भरायला नुकती सुरुवात झालेली असते, किंवा झालेलीही नसते. देठ तुटला की काडी आपली वाळते, काळी पडते आणि हुबेहूब बी वाटते. बाहेरच्या पाकळ्या आधी उमलतात, त्यामुळे तिथल्या चार-दोन काड्यांत जीव धरलेला असू शकतो. कुंडीत उगवतात ती हीच.

यात आणखी एक मेख आहे. गिऱ्हाइकाला फूल भरगच्च लागतं, डोळा न दिसणारं. पण फूल जितकं भरगच्च, तितक्या मधल्या नळ्या कमी, कारण त्यांच्या जागी पाकळ्याच आलेल्या असतात. नळ्या कमी म्हणजे पराग कमी, आणि दाट पाकळ्यांतून मधमाशीलाही आत शिरता येत नाही. म्हणून बाजारातल्या सगळ्यात देखण्या फुलात बी अनेकदा सगळ्यात कमी भरतं. पश्चिम बंगालमध्ये झेंडू मोठ्या प्रमाणावर फाट्याच्या कलमांनी वाढवतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

इथंच पहिला निर्णय येतो. फुलाचं पीक आणि बियाण्याचं पीक एकाच झाडावर नांदत नाही. चार तोडे बाजारात द्यायचे आणि शेवटी उरलंसुरलं बियाला ठेवायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पण शेवटची फुलं थकलेल्या झाडाची असतात, लहान असतात, त्यांचं बी हलकं निघतं. बियासाठी झाडं वेगळी ठेवा. पहिल्या आणि मधल्या बहराची फुलं त्यांच्यावरच पिकू द्या आणि त्या ओळींना बाजाराच्या तोड्यातून सूट द्या. जीवावर येतं, मान्य आहे. नवरात्रात अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर फुलांचे ढीग लागलेले असताना आपल्या वावरातली टपोरी फुलं वाळू द्यायची, ही सोपी गोष्ट नाही. म्हणून मी तर म्हणेन, बियाण्याचा प्लॉट दसऱ्याच्या हंगामात घेऊच नका. पण हंगामाकडं नंतर येतो.

त्याआधी एक प्रश्न, जो विचारला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. तुमच्याकडं आत्ता जो झेंडू आहे, तो कोणता?

दुकानातून महागडं पाकीट आणलं असेल आणि त्यावर 'एफ-१' किंवा 'संकरित' लिहिलं असेल, तर त्याचं बी धरू नका. बी येईल, उगवेलही. पण झाडं सारखी निघणार नाहीत. एक गुडघ्याएवढं, एक कमरेएवढं, एकाला भरगच्च फूल, एकाला पाच-सहा पाकळ्यांचं रानफूल. कारण संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध ओळींचा संकर, आणि त्याच्या पुढच्या पिढीत दोन्हीकडचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. हे कळतं कधी? लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, पहिलं फूल आल्यावर. तोवर खत, पाणी, निंदण, मजुरी सगळं जमिनीत गेलेलं असतं. व्यापारी तर एका रंगाचा, एका आकाराचा माल मागतो. अर्ध्या एकरात हा घोटाळा झाला तर तो हंगाम गेला समजा.

संकरित बी महाग का, हेही ऐकण्यासारखं आहे. अनेक संकरित झेंडूंची मादी ओळ अशी असते की तिच्या फुलाला धड पाकळ्याही नसतात आणि परागही नसतो. अशी झाडं नरवंध्य असतात. पण ती ओळ राखायची तर दर पिढीत निम्मी झाडं पराग असलेली निघतात, आणि फूल दिसायला लागताच ती हातानं उपटावी लागतात. एवढी राखण कंपनीच करू जाणे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडं शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं असं बीजोत्पादन करारावर चालतं. तिथं काम केलेल्या पोरांना माहीत आहे की शुद्धतेच्या तपासणीत माल नापास झाला तर पोतं भरलेलं असूनही पैसे मिळत नाहीत.

मग आपण काय लावायचं? सरळ वाण. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे दोन जुने, ओळखीचे सरळ वाण आहेत. पहिला नारंगी, दुसरा पिवळा. यांचं बी धरता येतं आणि नीट राखलं तर पुढच्या पिढीत तसंच झाड मिळतं. किंवा गावात वर्षानुवर्षं चालत आलेला एखादा गावठी झेंडू असेल, तर तोही सोनंच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पुष्पशास्त्र विभाग आहे, आणि विद्यापीठाची शिवारफेरी असते तेव्हा प्लॉट उभे दिसतात. मोबाईलवर शंभर व्हिडिओ बघण्यापेक्षा तिथं एक चक्कर मारा.

गावठी झेंडू सुधारता येतो का? येतो. यावर एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत बर्पी नावाची बियाण्याची कंपनी होती. तिचा मालक डेव्हिड बर्पी झेंडूसाठी वेडा होता. पांढरा झेंडू त्याला काही केल्या मिळेना. शेवटी १९५४ मध्ये त्यानं जाहीर केलं, जो पांढऱ्या झेंडूचं बी पाठवेल त्याला १०,००० डॉलर. हे बक्षीस मिळालं १९७५ मध्ये, आयोवा राज्यातल्या सली या लहान गावातल्या ॲलिस वॉन्क या बाईंना. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, घरच्या बागेत काम करणाऱ्या आजी होत्या. पद्धत काय, तर दरवर्षी सगळ्यात फिक्या फुलांचं बी ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच लावायचं. जवळपास वीस वर्षं. ना लॅब, ना मशीन.

आपल्याला पांढरा नको, नारंगीच हवा. पण सूत्र तेच, आणि त्यातला बारकावा असा की निवड झाडाची करायची, फुलाची नाही. एखाद्या मरतुकड्या झाडाला योगायोगानं एक मोठं फूल आलं, ते तोडून ठेवलं, तर बी त्या मरतुकड्या झाडाचंच असणार. बुटकं-भरदार, निरोगी, भरपूर फुलं धरणारं झाड बघा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा. पण एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. झेंडूत परागीभवन इकडून तिकडं होत राहतं, आणि फार थोड्या झाडांचं बी पिढ्यान्‌पिढ्या धरत गेलं की वाण कमजोर पडतो. निदान तीस-चाळीस झाडांचं बी एकत्र करा.

आता तारखा. आपल्या भागात याच ठिकाणी जास्त चुका होतात.

दसऱ्याचा झेंडू पावसाळ्यात वाढतो. त्याच झाडांवर बी ठेवलं तर ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात भरगच्च फूल स्पंजासारखं पाणी धरतं आणि आतून सडतं. बी काळं दिसतं, पण बुरशी लागलेलं. उलट टोकाला, उशीर झाला तर फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी पाऊस आणि गारपीट, आणि त्यानंतर अकोल्याचं ऊन. त्यात फुलं लहान पडतात, लाल कोळी जाळी करतो, बी पोचट राहतं. बी पिकायला हवेत डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हे कोरडे, थंड दिवस.

म्हणून मागून मोजा. बी फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढायचं, तर फूल जानेवारीच्या सुरुवातीला उमललं पाहिजे. पुसा नारंगी पेरणीपासून साधारण सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवसांनी फुलावर येतो. शेंडा खुडला तर आणखी दहा-पंधरा दिवस धरा. म्हणजे नर्सरीत बी पडायला हवं ऑगस्टच्या उत्तरार्धात, नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पंचवीस-तीस दिवसांनी रोपं वावरात. तेव्हा पाऊस असतो, म्हणून रोपं उंच गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये करा, वरून आडोसा द्या. सपाट वाफ्यात पाणी साचलं की रोपं बुडातून कोलमडतात आणि दोन दिवसांत सगळा वाफा बसतो.

सुरुवात एका गुंठ्यानं करा. ४० बाय ४० सेंटिमीटरवर एका गुंठ्यात साधारण सहाशे झाडं बसतात. आफ्रिकन झेंडूच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया येतात, म्हणजे तीन ग्रॅम बी पुरे. चहाच्या चमच्यात मावेल एवढं! इतक्या लहान तुकड्यात चूक झाली तरी घर बुडत नाही.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा सरी-वरंब्यावर किंवा गादीवर लावा. दर्यापूर, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी विहिरीचं पाणी आधी तपासून घ्यावं. रब्बीत सगळी भिस्त ओलितावर असते आणि खारट पाण्यानं रोप पहिल्याच महिन्यात खुरटतं.

शेंडा खुडणं म्हणजे लावणीनंतर तीस-चाळीस दिवसांत मधला शेंडा हातानं मोडणं. शेंडा असतो तोवर झाड सरळ वर जातं आणि बाजूच्या फांद्यांना दाबून ठेवतं. तो मोडला की फांद्या फुटतात, फुलं वाढतात, आणि फुलं वाढली की बीही वाढतं. यापेक्षा स्वस्त उपाय नाही, पैसा लागतच नाही. काही जण सरळ जिबरेलिक ॲसिडच्या फवारणीवर उडी मारतात. तिचा उपयोग झाल्याचे प्रयोग आहेत, १०० ते २०० पीपीएमची, म्हणजे लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅमची. पण ती पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते, आणि मिलिग्रॅम मोजायचा काटा घरी नसतो. आधी शेंडा खुडा. त्यानं काय फरक पडतो ते एक हंगाम बघा, मग औषधाचं ठरवा.

युरिया मात्र हात आखडून. नत्र जास्त झालं की झाड माजतं, पानंच पानं, फूल उशिरा. आपण उशीर टाळायचा म्हणून तर तारखा मोजल्या.

आता मधमाशीचा विषय, आणि वऱ्हाडात तो पऱ्हाटीपासून वेगळा करता येत नाही. कपाशीच्या किंवा टमाट्याच्या कडेनं झेंडूची ओळ लावतात, सापळा पीक म्हणून. हिरवी बोंडअळी झेंडूच्या फुलाकडं ओढली जाते, मुख्य पीक वाचतं. पद्धत चांगली आहे. पण त्या ओळीचं बी धरायचं असेल तर विचार करा: अळी नेमकी फुलात शिरून आतलं कोवळं बी खाते, आणि शेजारी फवारणी झाली की मधमाशी येत नाही. म्हणजे त्या ओळीला दोन्हीकडून मार. सापळा ओळ वेगळी, बियाण्याचा प्लॉट वेगळा. प्लॉटवर फवारणी करावीच लागली तर सांज झाल्यावर, मधमाश्या परतल्यानंतर करा. शेजारच्या काकांनाही सांगून ठेवा की फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा.

मधमाशी बी भरते तशी भेसळही करते. ती दोन-तीन किलोमीटर सहज फिरते. तुमच्या नारंगीशेजारी कोणाचा पिवळा किंवा संकरित झेंडू फुललेला असेल, तर त्याचा पराग तुमच्या बियात येणारच. प्लॉट शक्य तितका लांब ठेवा. लांब जागा नसेल तर वेळ वेगळी ठेवा. जानेवारीत फुलणाऱ्या प्लॉटचा हाही फायदा आहे, तेव्हा गावातला दसऱ्या-दिवाळीचा झेंडू संपलेला असतो.

मोठा आफ्रिकन झेंडू आणि बुटका फ्रेंच झेंडू शेजारी लावले तर काय? यांचा संकर होऊ शकतो, पण पोर वांझ निघतं. आफ्रिकनमध्ये २४ गुणसूत्रं, फ्रेंचमध्ये ४८, आणि संकरात ३६, ज्यांची जोडी धड लागत नाही. असं झाड बी न धरता नुसतं फुलत राहतं. कुंडीसाठी झकास, बियाण्यासाठी बाद. (नावं फसवी आहेत हं. दोघांचंही मूळ घर मेक्सिकोकडचं, आफ्रिका-फ्रान्सचा संबंध फक्त नावापुरता.)

भेसळीची झाडं उपटायची, तीही वेळेवर. कळी रंग दाखवायला लागली की रोज सकाळी एक फेरी मारा. वेगळा रंग, एकेरी पाकळ्या, वेगळी उंची दिसली की झाड मुळासकट बाहेर. "फुलू दे, मग बघू" म्हटलं की त्याचा पराग वाटला गेलाच.

काढणी कधी, ते फूलच सांगतं. पाकळ्या वाळतात, पण तेवढ्यावर घाई करू नका. पाकळ्यांखालचा हिरवा पेला पिवळट होऊन तपकिरी पडायला लागला, की एक फूल तोडून उघडा. बी काळं, टणक, नखानं न दबणारं असलं की तयार. सगळी फुलं एकदम पिकत नाहीत, तीन-चार वेळा वेचावी लागतात. दव उतरल्यावर, उन्हं वर आल्यावर वेचा. सावलीत कापडावर पातळ पसरा, पिशवीत दाबून भरू नका, नाहीतर रातोरात आत गरम होऊन वास मारतो. कडक वाळलं की हातानं चोळा आणि सुपानं पाखडा. पोचट काड्या वाऱ्यावर जातात, भरलेलं बी खाली बसतं. पाखडताना हात सैल ठेवून थोडं बी गेलं तर जाऊ द्या. वजन घटतं, पण उगवण वाढते, आणि पाकिटाची किंमत उगवणीवर ठरते.

साठवणीचा एक ठोकताळा बियाणेशास्त्रात प्रसिद्ध आहे, हॅरिंग्टनचा. बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच-सहा अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. आता हेच उलटं वाचा. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि आपण बियाचा डबा ठेवतो टिनाखाली माळ्यावर! फेब्रुवारीत फर्मास असलेलं बी ऑगस्टपर्यंत तिथं मरून जातं. बी खडखडीत वाळवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, वर तारीख आणि वाण लिहा, आणि बरणी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये जागा असेल तर उत्तमच, फक्त बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. आणि दोन वर्षांवर ठेवू नका.

पेरणीआधी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, शंभर बिया मोजा. ओल्या सुती फडक्यात ओळीनं मांडा, गुंडाळी करा, सावलीत ओलसर ठेवा. पाचव्या दिवसापासून कोंब दिसतील, आठव्या-दहाव्या दिवशी मोजा. ऐंशी उगवले तर निर्धास्त पेरा. पन्नास उगवले तर दुप्पट बी टाका. वीसच उगवले तर ते कोणाला देऊ नका, विकू तर नकाच.

विकण्याचं निघालंच आहे म्हणून, कारण आपल्या ऐकणाऱ्यांत इन्स्टाग्रामवर पाकिटं विकायचा विचार करणारे बरेच जण आहेत. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि विकायलाही परवानगी देतो. मर्यादा एक आहे: संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव, लेबल लावून विकता येत नाही. आणि पाकीटबंद बियाण्याचा रीतसर धंदा करायचा म्हटलं की १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणं कृषी विभागाचा विक्री परवाना लागतो. म्हणजे शेजारच्या गावातल्या मित्राला साध्या पुडीत मूठभर झेंडू देणं वेगळं, आणि लोगो छापून महाराष्ट्रभर कुरिअर करणं वेगळं. दुसऱ्याची तयारी असेल तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारून या, मग लोगोचं डिझाईन करा.